डागी माल

सीपीआरच्या फाटकासमोर
आमचा गाडा अठ्ठावीस वर्षं
एकाच खड्ड्यात चाक रुतवून उभा.
मोसंबी जालन्याची, संत्री नागपूरची,
गिऱ्हाईक गगनबावड्यापासून गडहिंग्लजपर्यंतचं,
सगळं घाईत, सगळं जागरणाचं.
धडधाकट माणूस मोसंबी घेत नाही, अब्बा म्हणायचे,
त्याला मिसळ लागते.
मोसंबी घेतो तो कुणाच्यातरी उशाशी ठेवायला.

उशाशी ठेवलेली ती फळं शेवटी खातं कोण,
हे आम्ही कधी विचारलं नाही.

दस्तगीर बागवान. माझे वडील.
मोसंबं नुसतं तळहातावर तोलायचे
आणि सांगायचे रस किती, साल किती,
झाडावरून उतरून किती दिवस झाले.
तोंडात मात्र कधी घातलं नाही.
"धंद्याचं तोंडाला लागलं की धंदा गेला."
दुपारी गाड्याच्या सावलीत भाकरी,
मिरचीचा खर्डा, कागदात बांधलेलं खारट सुकट,
आणि त्यावर बिडी.
डागी माल संध्याकाळी घरी यायचा
आम्हा चौघी बहिणींसाठी.
नासकं सुरीनं कोरून टाकलं
की उरते ती फोड सगळ्यात गोड,
असं म्हणायचे.
कशावरून म्हणायचे?

जळजळ दोन वर्षं.
आधी सोड्याची पुडी, मग गुलाबी औषध,
मग शिवाजी पेठेतल्या कुणीतरी दिलेली राख.
मग एका मंगळवारी
रस्ता ओलांडून, फाटकाच्या आत.
आणि त्यांच्या उशाशी
शेजारच्या पेरूवाल्यानं आणून ठेवली
आमच्याच गाड्यावरची सहा मोसंबी,
पैसे मोजून.

खिद्रापुरे मॅडमनी
केसपेपरच्या पाठीवर जठर काढून दाखवलं,
भिस्त्याच्या पखालीसारखं.
पेनानं बराच भाग गिरवून काळा केला.
हे काढलं. हे ठेवलं.
ठेवलेलं लिंबाएवढं.

मी विचारलं, रोज एक खाल्लं असतं तर?

त्यांनी पेन खाली ठेवलं.
म्हणाल्या, आंबट फळं खाणाऱ्यांत हा रोग थोडा कमी
असं काही ठिकाणी दिसलंय,
काही ठिकाणी नाही दिसलं.
खारवलेलं, बिडी, पोटात घर करणारा तो जंतू,
यांच्यावर संशय जास्त.
पण हे हजारांचं गणित, नसीम.
एका माणसाचं उत्तर त्यातून निघत नाही.

मला कळलं. मी पेट्या उघडणारी बाई.
शंभरात चार डागी निघणार
हे झाकण काढायच्या आधी सांगते.
कुठली चार,
ते पेटीलाही ठाऊक नसतं.

आता गाड्यावर मी.
सकाळी भवानीच्या आधी एक सोलते,
उभ्यानं, सगळ्यांदेखत.
लोक बघतात, विकणारीच खातेय.
साल बोटांना दिवसभर वास देते,
नोटांनाही.
वहीत लिहून ठेवते: मोसंबं एक, नसीम.

वही अजून अब्बाच तपासतात, खाटेवर पडून.
पहिल्या दिवशी त्या ओळीवर बोट थांबलं.
"डागी होतं व्हय?"
नाही.
"मग?"
पहिल्या नंबरचं.
बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.
मला वाटलं, आता धंद्याचं ऐकवणार.

"आण की मग एक फोड."

पातळ पापुद्रा काढला, बिया काढल्या,
गर चमच्यावर घेतला.
त्या एवढ्याशा घासाला पंधरा मिनिटं लागली.
रस हनुवटीवरून बनियनवर.
डोळे मिटून ते तोलत राहिले,
हातात घेऊन तोलायचे तसे, आता जिभेवर.

"जालन्याचं न्हाई हे," म्हणाले.

जालन्याचंच होतं.
मी म्हटलं, नसेल.